घशाचं माप

नागपूर–हैदराबाद महामार्ग हिंगणघाट मागे टाकतो आणि दोन्ही अंगांना कपाशी, तूर, सोयाबीन असा पसारा सुरू होतो. याच रस्त्यावर वडनेर आहे. पाटीवर महामार्गाचा क्रमांक 44 असला तरी जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून ‘सात नंबर’च. पुढे वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. अशा रस्त्यावरच्या गावात ट्रक थांबतात, ट्रॅक्टर वळतात, आणि मिस्त्रीला काम कमी पडत नाही.

दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती आले की या पट्ट्यातल्या गॅरेजांपुढे एका खास जातीची गाडी उभी राहू लागते. बहुतेकदा ती यामाहा आरएक्स 100 असते. 1985 ते 1996 या काळात निघालेली, म्हणजे तिच्यावर बसणाऱ्या पोरापेक्षा वयाने मोठी. टाकी नव्याने रंगवलेली, नळकांडं चकचकीत, आवाज दोन शेतं ओलांडून जाणारा. आणि तक्रार साधारण एकच.

“भाऊ, गाडी उचलूनच नाही राह्यली.”

“काय काय केलं?”

“ब्लॉक एकशे पस्तीसचा टाकला. सायलेन्सर मोकळा केला, फिल्टर काढून फेकला, कार्बोरेटर मोठा बसवला.”

“अन् जेट?”

“टाकला न. होता त्यातला सगळ्यात मोठा टाकला.”

पोराने इंजिन वाढवलं, मग पेट्रोलही वाढवलं. इंजिन मोठं तर खुराक मोठा, हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. पण कार्बोरेटर असा हिशेब करत नाही. त्याला इंजिन किती सीसीचं आहे हे कळत नाही, आणि कळण्याची सोयही नाही. त्याला एकच गोष्ट जाणवते: आपल्या घशातून हवा किती वेगाने चालली आहे. नव्याने बांधलेल्या इंजिनावरचा कार्बोरेटर लावून घेण्याची सगळी कटकट या एका गोष्टीतून निघते, आणि ती उलगडते तीही याच गोष्टीतून.

घरात डास मारायला पूर्वी फ्लिटचा हातपंप असायचा. दट्ट्या ढकलला की हवेचा झोत आडव्या नळीतून सुटायचा, आणि खालच्या डब्यातलं औषध उभ्या नळीतून आपोआप वर चढून त्या झोतात विखुरायचं. औषधाला खालून कोणी ढकलत नसे. वेगाने जाणाऱ्या झोताच्या तोंडाशी दाब उतरतो, डब्यातल्या औषधावर बाहेरच्या हवेचा दाब असतोच, आणि या दोन दाबांच्या फरकामुळे औषध वर येतं. (पाठीवरचा फवारणी पंप वेगळा. त्यात औषधावरच दाब देतात. शेतकऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.)

कार्बोरेटर म्हणजे उलटा फ्लिट. इथे हवा ढकलली जात नाही, इंजिन ती ओढून घेतं. वाटेत नळी अरुंद केलेली असते, तो त्याचा घसा. अरुंद जागेत वेग वाढतो, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल पितळी छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर खेचलं जातं. दाब आणि वेगाचं हे नातं डॅनिएल बर्नोली यांनी 1738 मध्ये मांडलं. जोवान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी या इटालियन अभ्यासकाने 1797 मध्ये अरुंद नळीतल्या प्रवाहावर लिहिलं, म्हणून या घशाला आजही व्हेंचुरी म्हणतात. इंजिनावर हे सगळं पोचायला आणखी शंभर वर्षं लागली. कार्ल बेंझ यांच्या 1885 च्या गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठावरून फिरवून वाफ गोळा करावी लागे. पेट्रोलचा तुषार उडवणारे कार्बोरेटर 1890 च्या दशकात आले. जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका हे एकाच सुमारास तिथे पोचले. मायबाख यांच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता फ्लोट होता, आणि आरएक्सच्या वाटीत आजही फ्लोटच तरंगतो.

आता त्या पोराच्या गाडीचं गणित मांडू.

आरएक्स 100 च्या सिलिंडरचा व्यास 50 मिमी आणि पिस्टनचा प्रवासही 50 मिमी. घनफळ 98 सीसी. आरएक्स 135 चा प्रवास तोच, व्यास मात्र 58 मिमी, म्हणून घनफळ 132 सीसी. म्हणजे एका फेऱ्यात 35 टक्के जास्त हवा. कार्बोरेटर मूळचाच ठेवला तर ही जादा हवा त्याच घशातून जाणार, म्हणजे तितक्याच पटीने वेगाने जाणार. वेग वाढला की ओढ वाढते, ओढ वाढली की पेट्रोलही वाढतं. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते आणि छिद्रातून येणारं पेट्रोल ओढीच्या वर्गमुळाने. वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांना खाऊन टाकतात, आणि पेट्रोलही 35 टक्केच वाढतं. जेटला हात न लावता मिश्रणाचं प्रमाण जवळपास जागच्या जागी राहतं. कार्बोरेटर शंभर वर्षं टिकला तो या गुणावर. त्यात वीज नाही, सेन्सर नाही, तरी जेवढी हवा तेवढं पेट्रोल हा हिशेब तो स्वतःच जुळवतो.

गणित बिघडतं ते घसा बदलला की. समजा 20 मिमीचा काढून 24 मिमीचा बसवला. 20 मिमीच्या घशाचं क्षेत्रफळ 314 चौरस मिमी, 24 मिमीचं 452, म्हणजे 44 टक्के जास्त. इंजिन तेच ठेवलं तर हवेचा वेग 69 टक्क्यांवर येतो, आणि ओढ त्याच्या वर्गाने घसरून निम्म्याच्याही खाली, 48 टक्क्यांवर. जुनाच जेट ठेवला तर पेट्रोल 69 टक्केच येणार. आता यात मोठा ब्लॉक घाला. वेग 93 टक्क्यांपर्यंत सावरतो, पेट्रोलही 93 टक्के येतं, पण हवा 135 टक्के झालेली असते. 93 भागिले 135, उत्तर पुन्हा 69. ब्लॉक बदला वा न बदला, उणीव तेवढीच. पहिला अंदाज म्हणून जेटचं क्षेत्रफळ घशाच्या क्षेत्रफळाच्या पटीत वाढवायचं. ब्लॉकवर कोरलेला आकडा या हिशेबात येतच नाही.

अंदाज हा शब्द इथे जपून घ्यायचा. एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरचा डबा, असला की घशाआधीच हवेला थोडी अडचण होते आणि ओढीत भर पडते. वाटीवर मात्र बाहेरचा मोकळा दाब असतो. फिल्टर आणि डबा काढून फेकला की ती भर जाते, पेट्रोल कमी येऊ लागतं आणि जेट आणखी थोडा वाढवावा लागतो. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकच्या नळकांड्याचं आणखी निराळं. त्याच्या फुगीर पोटातून परतणारी दाबाची लाट एका ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यात सिलिंडरबाहेर निसटणारं ताजं मिश्रण आत ढकलते. त्या टप्प्यात इंजिन एकदम भुकेलं होतं, बाकी वेळी सुस्त असतं. गणित गाडीला दारापर्यंत आणून सोडतं. पुढचं काम कान, डोळे आणि हात यांचं.

एक खोच मात्र गणितातच मिटवून घ्यायला हवी, कारण गॅरेजमधल्या अर्ध्या चुका तिथे होतात. मिकुनी कंपनीच्या मोठ्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा प्रवाहाचा असतो आणि केहिनच्या जेटवरचा छिद्राच्या व्यासाचा. केहिनवर 100 म्हणजे 1.00 मिमी. केहिनचा 100 काढून 110 घातला की क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढतं, मिकुनीच्या आकड्यांत तीच उडी 10 टक्क्यांची ठरते. वरच्या उदाहरणातली 44 टक्के वाढ केहिनच्या भाषेत 100 वरून 120, आणि मिकुनीच्या भाषेत 100 वरून 144 च्या आसपास. दोन कंपन्यांचे जेट एकाच डबीत खडखडवत ठेवणाऱ्या मिस्त्रीकडून नेमकेपणाची अपेक्षा करणं कठीण आहे.

त्यातून बाजारात नकली जेट भरपूर. आकडा एक आणि छिद्र दुसरंच. यावर स्वस्त उपाय आहे तो मेडिकलच्या दुकानातला. मोठ्या सिरिंजच्या तोंडाला रबरी नळीने जेट बसवायचा, सिरिंज उभी धरून ठरावीक खुणेपर्यंत रॉकेल भरायचं आणि मोबाइलच्या घड्याळावर ती रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. दोन जेटांचे सेकंद ताडून बघितले की कोणता खरा मोठा ते समजतं. हे माप प्रयोगशाळेतलं नव्हे, पण आंधळेपणाने जेट बदलण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

मापाचा विषय निघालाच आहे तर हिंगणघाटचं एक थडगं आठवतं. विल्यम लॅम्बटन याने 1802 मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट घेऊन तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादकडून नागपूरला जाताना हिंगणघाटला 20 जानेवारी 1823 रोजी त्याचा मृत्यू झाला, आणि तिथेच त्याला पुरलं. पृथ्वीच्या गोलाईचं माप इंचांत घेणाऱ्या माणसाचा शेवटचा प्रवास आजच्या या महामार्गाच्या पट्ट्यातूनच झाला. कार्बोरेटरशी त्याचा संबंध जोडणं ओढूनताणून होईल, पण नवी रेघ मारण्याआधी जुनी रेघ तपासायची ही त्याची सवय गॅरेजमध्येही उपयोगी आहे.

म्हणून आधी दुरुस्ती, मग ट्यूनिंग. हा क्रम उलटा झाला की आठवडे वाया जातात.

कार्बोरेटर उघडला की पहिली नजर वाटीच्या तळाशी टाकायची. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळून विकायला 2023 पासून टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली, आणि आता पंपावर तेच मिळतं. इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषतं. पावसाळ्यात गाडी दोन महिने गोठ्याच्या पडवीत उभी राहिली आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं, की इथेनॉल पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. वाटीत पांढरी भुकटी साचते, जस्त-ॲल्युमिनियमचा तो ओतीव धातू खरबरीत होतो. जुन्या काळच्या रबरी ओ-रिंगा फुगतात किंवा ताठ होतात. पुनर्बांधणी करताना सगळी रबरं बदलायची ती एवढ्यासाठीच. तीस वर्षांपूर्वीच्या रबराने हे पेट्रोल कधी पाहिलेलं नसतं.

मग छिद्रं. जेट पितळेचा असतो, पितळ मऊ. क्लचच्या केबलची तार घालून जेट साफ करण्याची पद्धत गावोगाव आहे, आणि तिने जितके जेट साफ झाले त्याहून जास्त बिघडले असतील. पोलादी तारेने छिद्र कळेल न कळेल इतकं मोठं किंवा लांबट होतं, आणि त्यानंतर त्यावरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. साफ करणाऱ्या द्रवात भिजत घालायचं आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारायची. पायलट जेटचं छिद्र केसाएवढं असतं, ते उजेडासमोर धरून गोल दिसलं पाहिजे. सुई ज्या नळीत वरखाली होते, ती नळी घासून अंडाकृती झाली असेल तर दुसरं काहीही लावून उपयोग नाही. अर्ध्या ॲक्सिलरेटरवर गाडी कायम पेट्रोल जास्त खाणार.

फ्लोटची उंची ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. वाटीतली पेट्रोलची पातळी दोन-तीन मिलिमीटरने वरखाली झाली तरी पायलटपासून मेनपर्यंत सगळी मापं सरकतात. पातळी बघायला वाटीच्या खालच्या स्क्रूच्या जागी पारदर्शक नळी जोडून ती कार्बोरेटरच्या अंगाला उभी धरायची. गवंडी भिंतीची पातळी बघायला पाण्याची नळी वापरतो, तोच हा प्रकार. सलाइनची नळी चालते.

शेवटी कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधली रबरी जोडणी. उन्हाने तिला बारीक भेगा पडतात. त्यातून चोरवाटेने शिरणारी हवा कार्बोरेटरच्या घशातून जात नाही, म्हणजे तिच्या वाट्याचं पेट्रोल येतच नाही. इंजिन थंड असताना चालू करून त्या सांध्यावर पातळ तेलाचा थेंब सोडायचा. आवाज बदलला, रेस वरखाली झाली, तर तिथे गळती आहे. पोराने जेट तीनदा बदललेला असतो आणि खरा दोष चाळीस-पन्नास रुपयांच्या रबरात सापडतो, असं निदान अर्ध्या वेळा तरी होतं.

एवढं झालं की ट्यूनिंग.

कार्बोरेटरमध्ये एक यंत्र नसतं, तीन-चार असतात, आणि प्रत्येकाचा अंमल ॲक्सिलरेटरच्या ठरावीक पट्ट्यात चालतो. मूठ बंद ते आठवा-चौथा हिस्सा हे राज्य पायलट जेट आणि हवेच्या स्क्रूचं. त्याच्या शेवटाला मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या स्लाइडच्या खालच्या तिरप्या कापाचा हात लागतो. चौथा ते पाऊण सुईचा. पाऊण ते पूर्ण मेन जेटचा. गावातली गाडी बहुतेक वेळ अर्ध्या मुठीच्या आतच चालते, म्हणजे मेन जेटवर ती क्वचितच असते. तरीही काही बिघडलं की पहिला हात मेन जेटवर जातो, जसा ताप कशानेही आला तरी काही डॉक्टर सलाइन लावतात.

कोणत्या पट्ट्यात दोष आहे ते कळायला मुठीवर खूण लागते. मुठीच्या कडेला पांढरी टेप, त्यावर शून्य, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा पाच रेघा, आणि समोर स्थिर भागावर एक रेघ. आता “मधेच धापते” ही तक्रार “अर्ध्यावर धापते” अशी होते, म्हणजे दोषी सापडतो. त्याच ठिकाणी क्षणभर चोक किंचित ओढून बघायचा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडत होतं, आणखी घुसमटली तर जास्त होतं.

सुईला वरच्या टोकाशी पाच खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप खालच्या खाचेत सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. हवेच्या स्क्रूबाबत मात्र भलेभले चुकतात. स्लाइडच्या साध्या कार्बोरेटरवर तो फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवा सोडतो, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. पल्सरसारख्या गाड्यांवरच्या व्हॅक्यूम कार्बोरेटरवर तो इंजिनाच्या बाजूला असतो आणि मिश्रणच सोडतो, बाहेर काढला की ते दाट होतं. “दीड आटा बाहेर” हा सल्ला दोन्ही गाड्यांना सारखाच देणारा मिस्त्री एकीला सुधारतो आणि दुसरीला बिघडवतो.

व्हॅक्यूम कार्बोरेटरची गोष्ट इथे थोडक्यात आटोपावी लागेल, नाहीतर प्रकरण संपायचं नाही. त्यात मूठ फक्त एक चपटी झडप उघडते. सुई धरलेला पिस्टन रबरी पडद्याच्या जोरावर, ओढ मिळेल तसा, स्वतःच वर चढतो. म्हणून मूठ एकदम पिळली तरी घसा एकदम उघडत नाही आणि गाडी गुदमरत नाही. पडद्याला टाचणीएवढं छिद्र पडलं की पिस्टन अर्ध्यावर अडतो, आणि मालक पुन्हा मेन जेट विकत घ्यायला निघतो. मोकळा फिल्टर लावला की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबाचा तोलही ढळतो. म्हणूनच पल्सरवर डबा काढून नुसता फिल्टर लावणाऱ्यांची फजिती आरएक्सवाल्यांपेक्षा जास्त होते.

पल्सरचा उल्लेख आला की पुण्याच्या बजाज ऑटोची एक हकीगत सांगायलाच हवी. कंपनीने 2007 मध्ये पल्सर 220 बाजारात आणली ती फ्युएल इंजेक्शनसह. संगणकाने पेट्रोल मोजणारी ती त्या काळातली मिरवायची गाडी. दोन वर्षांनी, 2009 मध्ये, त्याच गाडीतून इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवण्यात आला. गाडी स्वस्त झाली, आणि ताकद घटण्याऐवजी 20 वरून 21 अश्वशक्तीवर गेली. कार्बोरेटर मागासलेला म्हणणाऱ्यांना ही गाडी बराच काळ उत्तर म्हणून दाखवली जात असे. पण ताकदीच्या शर्यतीत टिकलेला कार्बोरेटर धुराच्या शर्यतीत हरला. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 हे निकष लागू झाले, आणि नव्या दुचाकींमध्ये जवळपास सगळीकडे इंजेक्शन आलं. आता कार्बोरेटर लावायचं ज्ञान जुन्या गाड्यांबरोबरच जगतं आहे, आणि वडनेरसारख्या गावांत जुन्या गाड्या पुष्कळ आहेत.

वडनेरचं हवामान हा या कामातला आणखी एक भिडू. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, डिसेंबरच्या पहाटे 12 पर्यंत उतरतो. या दोन टोकांमध्ये हवेची घनता सुमारे 10 टक्क्यांनी बदलते. हवा विरळ झाली की कार्बोरेटर मिश्रण दाट करतो, पण पूर्ण 10 टक्क्यांनी नव्हे, साधारण 5 टक्क्यांनी, कारण इथेही वर्गमूळ आड येतं. आता इथेनॉल बघा. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला अवघी 9. म्हणून 10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण 14.1 आणि 20 टक्केवाल्याला 13.5 किलो. जुन्या मापावर लावलेली गाडी नव्या पेट्रोलवर तेवढी पातळ चालते. उन्हाळ्यात हे दोन दोष एकमेकांना झाकतात. उष्णता मिश्रण दाट करते, इथेनॉल पातळ करतं, आणि गाडी ठीक वाटते. थंडीत दोन्ही एकाच बाजूला ओढतात. मे महिन्यात सुरेख लावलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे मार्केटला जाताना खोकते, आणि मालक म्हणतो, पेट्रोलमध्येच भेसळ आहे.

पातळ मिश्रणाचं भय टू-स्ट्रोकवर दुप्पट. कमी पेट्रोल म्हणजे जास्त ताप. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरचं अस्तर लोखंडी. ॲल्युमिनियम जास्त फुगतं आणि पिस्टन जागच्या जागी आवळला जातो, चाक घसटत गाडी थांबते. आरएक्समध्ये तेल वेगळ्या पंपाने येतं आणि त्या पंपाची केबल ॲक्सिलरेटरशी जोडलेली असते. दुसरा कार्बोरेटर बसवला की स्लाइडचा पल्ला बदलतो, म्हणून पंपाची खूण पुन्हा जुळवणं आवश्यक. हे विसरलेल्या गाड्यांचे पिस्टन अनेक गॅरेजांत खिडकीवर मांडून ठेवलेले दिसतात. राजदूतसारख्या गाड्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. तिथे “जरा तेल जास्त टाक” हा दयाळू सल्लाही उलटू शकतो, कारण तेलाने जागा घेतली की तेवढं पेट्रोल कमी येतं.

अखेरचं माप प्लगचं. पाऊण ते पूर्ण मुठीवर काही क्षण चालवायचं, त्याच अवस्थेत क्लच दाबून इंजिन बंद करायचं, गाडी घरंगळत थांबू द्यायची आणि प्लग काढायचा. बिस्किटासारखा तपकिरी रंग आला तर मेन जेट बरोबर. काजळी आली तर पेट्रोल जास्त, पांढरा किंवा भाजल्यासारखा दिसला तर कमी. ही चाचणी सात नंबरवर करायची नाही. तिथे मागून ट्रक येत असतात आणि अचानक बंद पडणारी मोटारसायकल त्यांच्या हिशेबात नसते.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीच्या कागदात लिहिलेल्यापेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. उत्पादकाच्या मूळ मापाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची, किंवा दोन्हींची तरतूद झाली. मोकळ्या नळकांड्यांची रास करून तिच्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतच असतात. मूळ ब्लॉक, मूळ नळकांडं आणि नीट लावलेला मूळ कार्बोरेटर यांवरही आरएक्स आपल्या 11 अश्वशक्तीत चपळ पळते. त्या पोराला हे पटत नाही, निदान पहिल्या वर्षी तरी.

जे मिस्त्री हे काम मन लावून करतात, त्यांच्यासाठी गाडीच्या साइड कव्हरची आतली बाजू ही वही असते. काळ्या मार्करने तिथे लिहायचं: जेटचा आकडा आणि कंपनी, क्लिपची खाच वरून मोजून, स्क्रू किती आटे, प्लगचा रंग, महिना. पुढच्या खेपेला गाडी आली की आधी कव्हर काढायचं. त्यावर दोनच ओळी असल्या तरी पुरतात. “मे – क्लिप तिसरी, स्क्रू दीड.” आणि खाली, दुसऱ्या शाईत, “डिसेंबर – क्लिप चौथी, स्क्रू सव्वा.”